नलूआत्याने मध्येच तोडलेला धवला

माझी नलूआत्या लग्नांत धवले, म्हणजे हळदीपासूनची विधींची गाणी, गाते आणि बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यातलं अवघड काय, असं विचारलं की म्हणते, "लग्नाला पोरगी तरी हो म्हनते. कालेजला कोन हो म्हनलंय?"

तिला जन्मापासून दिसत नाही. उरणकडच्या आमच्या आगरी गावात धवले गाणाऱ्या धवलारणीशिवाय हळद लागत नाही, त्यामुळे तिच्या न दिसण्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. वाटलं ते तिने अडतिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं तेव्हा. माझे बाबा, तिचे मोठे भाऊ, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. मागच्या खेपेला ती राज्यशास्त्रात नापास झाली, तेव्हा ते म्हणाले, "अजून एकदा. मग बास." आजची तोंडी परीक्षा म्हणजे ते 'एकदा'.

कॉलेजने तिच्या फोनात एक ॲप घालून दिलंय. फोन पुस्तकावर धरायचा. तो "जरा डावीकडे सरकवा" म्हणत पानाचा फोटो घेतो, इंग्रजीचं मराठी करून वाचतो, शंकाही सोडवतो. आत्या त्याला मास्तर म्हणते. तो कंटाळत नाही, एवढी एक गोष्ट तो आमच्या शाळेच्या मास्तरांकडून शिकलेला नाही.

पण ऐकलेलं लक्षात ठेवायची आत्याची एकच रीत. धवल्याच्या चालीवर बसवायचं. अख्खी राज्यघटना तिने हळदीच्या चालीवर बसवली. आणि तिच्या आईची शिकवण अशी, की सुरू केलेला धवला मध्ये तोडायचा नाही. मांडवात मारामारी झाली तरी आत्या शेवटच्या ओळीला जाऊनच थांबते.

परीक्षेला बाहेरून मृणाली मॅडम आल्या होत्या. मला सोबत म्हणून दाराशी बसू दिलं, तोंड न उघडण्याच्या बोलीवर.

"मूलभूत हक्क सांगा."

आत्याने घसा खाकरला. ती गाणार, हे मला तेव्हाच कळलं.

"समतेचा हक्क गो, गावोगाव पंचायत गो... स्वातंत्र्याचा हक्क गो, दारूबंदीचा हक्क गो..."

मॅडमचं पेन थांबलं. मी मांडीवरचं पुस्तक उघडलं. पानावर शेजारीशेजारी दोन रकाने होते, एकात मूलभूत हक्क, दुसऱ्यात मार्गदर्शक तत्त्वं. मास्तरने ते सरळ आडवे वाचले होते, आणि आत्याने इमानदारीत पाठ केले होते.

"थांबा. दारूबंदी हा मूलभूत हक्क?"

आत्या थांबेना. चार ओळी अजून बाकी होत्या.

"नलूताई, थांबा! नाहीतर मी शून्य लिहिते."

चाल तुटली. आत्याचे ओठ हलत राहिले, आवाज नव्हता.

"चुकलं, मॅडम," ती शेवटी म्हणाली. "दोन याद्या एकात गेल्यान. फोनवर आयकून पाठ केलंय."

"फोनने चुकीचं वाचलं?"

"वाचलं त्यानं. मान डोलावली मी."

मॅडमनी कागद बाजूला सारला. "मग आता वेगळं करा. गाऊ नका. दारूबंदी?"

आत्याची बोटं पदराची गाठ सोडत होती, बांधत होती. चालीशिवाय तिने अभ्यासातलं कधी काही सांगितलंच नसावं, असं मला वाटलं.

"सरकारनं करावी. न्हाय केली तर मना कोर्टात जाता येनार न्हाय. म्हंजे तत्त्व."

"समान कामाला समान वेतन?"

आत्याने पदराची गाठ करकचून बांधली.

"...तत्त्व."

"आणि शिक्षण?"

"हक्क. सहा ते चौदाच्या पोरांना." ती अडली. मग म्हणाली, "चाळिशीच्या बाईला न्हाय. तिनं भावाला इचारायचं."

मॅडम हसल्या नाहीत. कागद ओढून त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"पास. पण अगदी काठावर."

"काठावर तं काठावर," आत्या माझा खांदा चाचपत उठली. "बुडाले न्हाय ना!"