दसऱ्याचा मुहूर्त

मिश्री सोडायला मी तरुणपणी दसऱ्याचा मुहूर्त धरला, आणि तोवर पुरावी म्हणून तवाभर तंबाखू भाजून ठेवली. काय ती अक्कल! दसऱ्याला डबा उरलेलाच, मग पाडवा धरला. सोडायच्या तयारीत मोठं सुख असतं. सोडल्यासारखं वाटतं आणि सोडावं लागत नाही. शेवटी दातच पडले, तेव्हा सुटली. पण तव्याच्या ठसक्याने खोकत माझी लेक शेजारी बसायची, याचं भान नव्हतं.

आज ती नातवंडांना घेऊन माहेरी आलीय. मोरीपाशी उकिडवी बसून, डोळे मिटून दातांवरून काळं बोट फिरवत होती. हुबेहूब मी. तिच्याकडे बघण्यात माझा चहा उतू गेला.

"सोड गं बाई आता," मी म्हटलं.

चूळ भरून ती हसली. "सोडते की, आई. दसरा तर येऊ दे."