कुलूपबाईची परीक्षा

निहार, सानिका,

गेल्या रविवारी फोनवर निहार माझ्यावर चिडला. "आज्जी, माझा आवाज ओळखतेस ना? मग दर वेळी तोच प्रश्न काय विचारतेस?" तुम्ही दोघं हसण्यावारी नेत होतात तोवर मी काही बोलले नाही. आता चिडायला लागलात, तेव्हा तो प्रश्न आपल्या घरात कुठून आला ते सांगायला हवं. हल्ली बोटं लवकर दुखतात, म्हणून रोज थोडं थोडं लिहिते आहे.

तो प्रश्न मला कुलूपबाईने दिला. तिचं खरं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिलाच आवडायचं नाही.

कुलूपबाई "कोण?" विचारल्याशिवाय कोणाशीच बोलत नसे. एकदा ती आपल्याकडे बसलेली असताना गॅसवाला आला. याच दारात तिने त्याला कितीदा तरी पाहिलेलं. तरी दार अर्धंच उघडून म्हणाली, "कोण?"

"गॅस."

"कुणाच्या नावावर?"

"ताई, खांद्यावर सिलिंडर हाय की ओ! आधी आत घ्या, मग वंशावळ विचारा."

आतून आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, ही आपली कुलूपबाई!" तेव्हापासून तेच नाव पडलं. तिला राग आला नाही. "चालतंय की सर," ती म्हणाली, "कुलूप बघून चोर जरा तरी थांबतोय."

ती माझी शाळेतली विद्यार्थिनी. मी तिला इंग्रजी शिकवलं होतं आणि ती मला अजूनही 'बाई'च म्हणते. घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं, घरात तेलुगू. वडिलांना ती 'नान्ना' म्हणे. आई लवकर गेली, लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहूनच गेलं. इथल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात ती नोकरीला होती. चाळिशीला टेकली असताना एका उन्हाळ्यात विटेएवढं जाड पुस्तक काखेत घेऊन ती दारात उभी राहिली. माहितीच्या सुरक्षेची परीक्षा द्यायची होती. पेपर पूर्ण इंग्रजीत, आणि वाक्यं अशी की दोनदा वाचूनही हाताला लागत नाहीत.

"या वयात कशाला हा ताप?" मी विचारलं.

"बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत चाललीय, बाई. आमचा विभाग राहतोय का जातोय, कुणालाच ठाऊक न्हाय. साहेब म्हणालेत, हे सर्टिफिकेट असलं की इथंच ठेवतील. नान्ना सोलापूर सोडणार न्हाईत. आणि मी त्यांना सोडून कुटं जाऊ?"

एवढंच तिचं मागणं होतं. बढतीबद्दल ती कधी बोलली नाही.

अभ्यासाला ती आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसे. मला वाटायचं, तिच्या घरात खाली टॉवेलचे माग चालतात, त्या खडखडाटाने तिला वाचता येत नसेल. तसं नव्हतं. "आवाजाचं काय न्हाय, बाई. त्या आवाजातच वाढले मी. पण धागा तुटला की मला कळतंय, आणि कळलं की मी उठतेच." मागावर धागा तुटला की मालकाला सांगायला जायचं नसतं. जो जवळ असेल त्याने माग थांबवायचा, गाठ मारायची आणि पुन्हा चालू करायचा. लहानपणापासून तिच्या बोटांना हेच वळण.

याच वळणाने तिला परीक्षेत छळलं. तिथे प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि चारही बरोबर वाटणारी. विचारलेलं असे ते एवढंच: सर्वांत आधी काय कराल? मी प्रश्न मोठ्याने वाचत असे. एका कर्मचाऱ्याच्या कॉम्प्युटरवर काहीतरी विचित्र दिसतंय. आधी काय कराल? उत्तरं वाचून संपायच्या आत ती म्हणायची, "वायर काढून टाकीन." पुस्तकाचं म्हणणं वेगळं. आधी खात्री करा, काय घडलंय ते समजून घ्या, ज्याची जबाबदारी त्याला कळवा, मग हात लावा.

"तोपर्यंत सगळं जळून जाईल की ओ!"

"पुस्तकात तसं लिहिलंय, बाळ."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं माग चालवला न्हाय कधी."

मग उसासा टाकायची आणि पुढचं पान उलटायची. बँकेतून ती संध्याकाळी येई तेव्हा तिचे डोळे आधीच लाल झालेले असत. मीही दिवसभराची दमलेली. कूलर घरघरत असायचा. पाण्याच्या दिवशी मी मधूनच हंडे भरायला उठायची, तर ती पुस्तक टाकून माझ्या आधी नळाशी. "बस खाली," मी ओरडायची. "तू परीक्षेला बसलीयस, पाण्याला नाही." कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली की ती एका हाताने खाई, दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर. चटणीचे तेलकट डाग पडलेली ती पानं मला अजून दिसतात.

आजोबांशी मात्र तिचं रोजचं भांडण. आजोबा किराणा दुकानात कार्डाचा आकडा मोठ्याने सांगायचे, कारण दुकानदाराला कमी ऐकू येई. "सर, आकडा तुम्हीच दाबायचा असतोय." "अगं, तो मला तीस वर्षं ओळखतो." "तो ओळखतोय. त्याच्या मागं उभा राहिलेला कोण हाय?" आजोबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "हिला सून करून घ्यायला हवी होती. घरातून चिमणी बाहेर गेली नसती."

पहिल्या वेळी ती नापास झाली. परीक्षेचं केंद्र पुण्याला. तिथे बाह्या वर करायला लावल्या, खिसे उलटे केले, चष्मा काढून तपासला, तळहाताचा ठसा घेतला. परत आल्यावर ती म्हणाली, "बाई, एवढी तपासणी आमच्या बँकेत होत असती तर ही परीक्षाच लागली नसती." आणि मग पंख्याखाली चटईवर आडवी झाली, तशीच झोपली. मी तिला उठवलं नाही. संध्याकाळी उठून म्हणाली, "सगळीकडं गाठच मारून आले असणार मी." दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक घेऊन हजर. मला खरं तर कंटाळा आला होता. तिलाही आला असणार. पण दोघींनी तसं म्हटलं नाही.

निहार, आता तुझ्याबद्दल. हे तुझ्या बाबांना माहीत आहे. तुम्ही घाबराल म्हणून तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तिच्या दुसऱ्या परीक्षेच्या थोडं आधी, एका दुपारी, ती सुटी घेऊन टेबलाशी बसली होती. माझा फोन वाजला. "आज्जी, मी निहार." तू रडत होतास. गाडीचा अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, बाबांना सांगू नकोस. आवाज तुझा होता. 'आज्जी' म्हणताना तू पहिल्या अक्षरावर अडखळतोस, तेसुद्धा तसंच. मग एक माणूस बोलायला आला. म्हणाला, मी वकील, ताबडतोब पैसे भरले तर मुलाला सोडवतो. पासबुक काढायला मी कपाटाकडे निघालेही.

कुलूपबाईचा हात फोनकडे आला. ती फोन हिसकावून बंद करणार, हे मला ठाऊक होतं. वायर काढायची तिची जुनी खोड. पण हात वाटेतच थांबला. ती हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, बंद करू नका. त्याला विचारा, मागच्या सुटीत सरांनी त्याला काय नाव ठेवलं होतं."

मी विचारलं. तिकडचं रडणं एकदम थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठं. मी पुन्हा विचारलं. फोन बंद झाला.

"आवाज हल्ली मशीनवर बनवता येतोय, बाई. आता तुम्ही स्वतः तुमच्या मुलाला फोन लावा. आपल्याकडं असलेल्या नंबरवर," ती म्हणाली. तुमच्याकडे परदेशात तेव्हा मध्यरात्र होती; तुझ्या बाबांना झोपेतून उठवलं. तू तुझ्या खोलीत घोरत होतास.

तिने त्या दिवशी फोन हिसकावला असता तर मी तिच्यावर संतापले असते, आणि त्याच नंबरला परत फोन करून पैसे पाठवले असते. ते तिलाही कळलं होतं. तांब्याभर पाणी पिऊन ती बसली आणि आपल्या हाताकडे बघत म्हणाली, "आज पहिल्यांदा थांबला, बाई."

दुसऱ्या वेळी ती पास झाली. पुण्याहून एसटीने थेट आपल्याकडे आली. आजोबांनी पेढे आणायला चप्पल घातली, तर म्हणाली, "राहू द्या सर, उद्या." इतकी दमली होती की तिला आनंदसुद्धा उद्यावर टाकायचा होता.

महिनाभरात बँकेचं विलीनीकरण झालं. सर्टिफिकेटवाल्यांना ठेवून घेतलं, हे खरं. पण विभाग पुण्याला हलवला. पत्र हातात घेऊन ती टेबलाशी बसली.

"साहेब म्हणाले होते ना, इथंच ठेवतील?" मी म्हणाले.

"म्हणाले होते की. गॅसवाल्याला विचारलं, सरांना विचारलं, तुमच्या नातवाला विचारलं. साहेबांना तेवढं विचारायचं राहिलं. कुणी सांगितलं? लिहून देता का?" ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "त्यांच्यावर विश्वास होता, बाई."

नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. नान्नांनी माग भावाच्या मुलाला दिले आणि लेकीबरोबर गेले. निघताना ते आजोबांना म्हणाले, "पोरगीचा निकाल बगा. मी बी पास झालो, पुन्याला." तिथे फ्लॅटमध्ये त्यांना झोप येत नसे. जन्मभर मागाच्या आवाजात झोपलेला माणूस. माग थांबला की त्यांना जाग यायची, आणि तिथे तो चालूच होत नव्हता. कुलूपबाईने चुलतभावाकडून मागांचा आवाज फोनवर मागवून घेतला. रात्री तो त्यांच्या उशाशी लावून ठेवायची. वर्षभर ते त्या आवाजावर झोपले. मग गेले. त्याच हिवाळ्यात आपले आजोबाही गेले.

ती आता क्वचित फोन करते. थकलेली असते. मी आधी तिला एक प्रश्न विचारते, ती मला एक विचारते, आणि मग दोघी बोलतो. मी कंटाळले की ती म्हणते, "कंटाळा आला तरी विचारायचं, बाई. कंटाळा आला म्हणूनच मी साहेबांना विचारायची राहिले."

तर निहार, सानिका, आजोबांनी तुम्हा दोघांना ठेवलेली नावं आता तुम्हाला, तुमच्या बाबांना आणि मला माहीत आहेत. आणि कुलूपबाईला. या कागदावर ती मी लिहिलेली नाहीत. पुढच्या रविवारी फोन केलात की मी विचारीन.