सातला बंद होणारं गेट

गेल्या वर्षी आमच्या संस्थेने कॉलेजच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा घेतली. विषय ‘शासन आणि माझे स्वातंत्र्य’. मी तिथे मराठी शिकवते, म्हणून तिघा परीक्षकांत माझीही वर्णी लागली. बहुतेक निबंधांत स्वातंत्र्य म्हणजे तिरंगा, हुतात्मे आणि शेवटी जय हिंद. एकाच मुलीने स्वतःचं काही लिहिलं होतं. मुलगी कुरुंदवाडची, वसतिगृहात राहणारी. अभ्यासिका नऊपर्यंत उघडी, पण मुलींचं गेट सातला बंद. मुलांना वेळेचं बंधनच नाही. हा नियम कुणी केला, कुणाला विचारून केला, हे तिने चार पानांत शोधलं होतं. ठराव मागितला, मिळाला नाही, हेही लिहिलं होतं. आम्ही तिला पहिला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी तिघांना बोलावलं.

“मॅडम, ह्यो निबंध न्हाय, तक्रार हाय.”

“विषय तुम्हीच दिलाय की.”

“देशाचा दिलाय. वसतिगृहाचा न्हाय.”

बाकीच्या दोघांनी मुकाट्याने तिचं नाव गाळलेल्या नव्या यादीवर सह्या केल्या. मी केली नाही. निकाल माझ्या सहीवाचूनच लागला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मुलीला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, “नंबर राहू दे मॅडम. माझी पानं परत मिळतील का? रेक्टरना अर्ज म्हणून द्यायचीत.”

ऑफिसात म्हणाले, निबंध आता संस्थेच्या मालकीचा. म्हणजे तिचे शब्दही तिचे नाहीत! मी निबंधांचा गठ्ठा सोडला, तिची पानं काढली आणि सगळ्यांदेखत घेऊन बाहेर पडले.

अर्जावर पुष्कळ मुलींनी सह्या केल्या. रेक्टरनी फक्त हिच्याच अब्बांना बोलावून घेतलं. ते टेलर, दुकान बंद ठेवून आले. मीही गेले.

“तुमची मुलगी बाकीच्यांना बिघडवते,” रेक्टर म्हणाल्या.

अब्बांनी चष्मा लावून चारही पानं सावकाश वाचली.

“ह्यात खोटं काय हाय?”

रेक्टरनी पानं ओढून घेऊन पुन्हा चाळली.

“मग मला कशाला बोलवलं? ठराव दावा की.”

ठराव आजतागायत कुणी दाखवलेला नाही. गेट मात्र आता साडेआठला बंद होतं. ‘संस्थेने उदार मनाने वेळ वाढवून दिली आहे’ अशी नोटीस तिथे लावलीय. उदार मनाने! येता-जाता मी ती वाचते आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.