बुंदी-चिवड्याची येळवस

नांदेडहून सकाळी निघाले तेव्हा मागच्या सीटवर माझी दोन टेरिअर कुत्री खिडकीला नाकं लावून बसली होती. बुंदी आणि चिवडा ही नावं माझ्या मुलीने ठेवली. ती शिकायला परगावी गेली आणि कुत्री माझ्या गळ्यात पडली. आता कोणी मागितली तरी देणार नाही. दर रविवारी त्यांना गोदावरीकाठी फिरवते, पण टेरिअरचं नुसत्या फिरण्याने भागत नाही, त्याला उकरायला रान लागतं. म्हणून यंदा येळवशीला (वेळा अमावस्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण) त्यांना माहेरच्या शेतात, उदगीरला न्यायचं ठरवलं.

नायगावला चहासाठी थांबले. कुत्री उतरवली तशी चार माणसं जमलीच.

"ताई, पिल्लं हायत का?" एका आजोबांनी विचारलं.

"नाही, पुरती वाढलेली आहेत."

"एवढंसंच ऱ्हातंय व्हय? चोर काय भिनार ह्यास्नी?"

चोर नाही, पण उंदीर भितात, असं सांगितल्यावर आजोबांचं मत एकदम बदललं. एक आमच्या रानात ठेवून जा, म्हणाले.

देगलूर मागे पडलं आणि दोन्हीकडे काळं रान सुरू झालं. तूर, हरभरा, मध्येच करडई. लहानपणी या दिवशी आम्ही बैलगाडीने शेतात जायचो. मोठा दादा गाडी हाकायचा, मी आणि चुलतभाऊ दिगंबर मागे आंबिलीचं मडकं धरून बसायचो. दोन्ही घरांची येळवस एकच होती. पुढे वाटण्या झाल्या, मग बांध कोणी कोरला यावरून भांडण झालं. तेव्हापासून दादा आणि दिगंबर एकमेकांशी बोलत नाहीत. दरवर्षी मी दादाकडे जेवते आणि पलीकडे दिगंबरच्या शेतातला धूर बघत बसते. मला ते फार लागतं.

शेतात पोचले तेव्हा वहिनीने कडब्याच्या कोपीत (खोपटात) पांडवांचे पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. पानं वाढायला घेतली: भज्जी (भाज्या नि ओले दाणे घालून केलेलं कालवण), उंडे (ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे), तिळाची भाकरी. दादाने कुत्र्यांकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"शिवू देऊ नको त्यास्नी कोपीला."

मी चिवड्याला तुरीच्या खोडाला बांधलं. बुंदीला बांधणार तोच तिला हरभऱ्यात उंदीर दिसला आणि ती हातातून सुटली. हरभरा नुसता हलताना दिसत होता. बघता बघता ती बांधावर चढली आणि पलीकडे उतरली. मी हाका मारत धावले, पण बांधाशी माझे पाय थांबले.

थोड्या वेळाने दिगंबर बांधावर आला. बुंदी त्याच्या काखेत होती आणि तिच्या मिशांना आंबील लागली होती.

"आक्का, कुत्रं घावलं. पर सोडनार न्हाई," तो मोठ्याने म्हणाला, कोपीपर्यंत ऐकू जाईल असं. "येळवशीला रानात आलेलं कुनी एकटं जेवून जात न्हाई. घरच्या मान्सांनी येऊन न्यावं."

मी मागे वळून पाहिलं. दादा पानावर बसला होता, अजून घास घेतला नव्हता. या दिवशी जेवायचं बोलावणं मोडायचं नसतं, आमच्या आईने आम्हाला कधी मोडू दिलं नाही. वहिनीने त्याचं पान ताट पालथं घालून झाकून ठेवलं.

दादा उठला, टोपी झटकली. "कुत्रं घेऊन येतो," म्हणाला, आणि बांध ओलांडून गेला. मी चिवड्याला खोडापासून सोडवून घेतलं आणि मागोमाग निघाले.

तिकडे पानं मांडलेलीच होती. दादा एका पानावर बसला. दिगंबरने स्वतः आंबील वाढली. दादाने एक घोट घेतला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"असनारच," दिगंबर म्हणाला. "काकूच्या हातचं कुठून आनू?"

काकू म्हणजे आमची आई. दादाने वाटी पुढे केली आणि दिगंबरने पुन्हा भरली.  दोन्ही कुत्री त्यांच्या पायांशी बसून भाकरी मागत होती.

ऊन उतरल्यावर मी निघाले. दादा अजून दिगंबरकडेच बसून होता, म्हणून बांधावरूनच त्याचा निरोप घेतला. दिगंबरच्या बायकोने तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. देगलूरच्या अलीकडे वहिनीचा फोन आला. दादा घरी आला का, मी विचारलं.

"न्हाई ओ. बांधापल्याडच हायत अजून."

"बोलायलेत का?"

"कुठलं. एका घोंगडीवर बसल्यात दोघं, शेंगा सोलायलेत. मीबी पानं घेऊन हिकडंच आलेय."

मी गाडी बाजूला घेतली. इतकी वर्षं नांदेडला परतताना मला वाटायचं, आपलं माहेर अर्धंच उरलंय. रस्त्याच्या कडेला बसून मी पोटभर रडले, आणि कुत्र्यांनीही मला रडू दिलं.