काळ्या मातीचे ठोकळे

नाना गेल्याची चिठ्ठी घेऊन त्यांच्या गावाहून, जऊळक्याहून, माणूस आला, तेव्हा मी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. चिठ्ठी वाचली आणि उरलेल्या दोन चादरींच्याही घड्या घातल्या... त्याला आता दीड महिना झाला. मुलांनो, तुम्ही लांब राहता; माझे हे धाकटे दीर तुम्हाला लग्नाच्या फोटोपुरतेच ठाऊक. म्हणून लिहिते.

नाना सरकारी ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर त्यांना एकच ध्यास लागला, आपल्या काळ्या मातीतून घर उभं करायचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिची भिंत कुणी घालत नाही. नाना तिच्यात चुना आणि थोडं सिमेंट कालवून लोखंडी साच्यात ठोकळे पाडायचे. रशियाने आकाशात उपग्रह सोडल्याची बातमी आली, तेव्हा तर ते हरखूनच गेले. "वहिनी, उद्या माणूस चंद्रावर राह्यले गेला, तर इटा काय इथून नेईन? तिथलीच माती कामी आणा लागन. मंग आपली काहून नाई?" गंगाराम मिस्त्री हसायचा, "नाना, काळीत कापूस पिकते, घर नाई पिकत."

आमच्या इंझोरीच्या शाळेला एक खोली हवी होती. नानांनी गावाला शब्द दिला आणि आमच्याच परसात ठोकळे पाडले. इंग्रजी मासिकातला बारीक अक्षरांचा मजकूर मीच त्यांना वाचून दाखवला होता: एकवीस दिवस ठोकळ्यांची ओल सुटता कामा नये, नाहीतर ते आतून कच्चे राहतात. त्यांनी वर भिजवलेली गोणपाटं पसरली, पाणी मारण्याचं काम मला सांगितलं आणि पुढच्या खेपेचा चुना आणायला कारंज्याला गेले. मध्येच अक्षय्य तृतीया आली. पितरांच्या पानाला पाहुणे येणार, आणि परसात ती कुबट वासाची पोती! मी ती उचलली, धुतली, वाळवली, घड्या करून कोठीत ठेवली. चार दिवस वैशाखाचं ऊन ठोकळ्यांवर पडलं. नाना यायच्या आदल्या सकाळी पोती पुन्हा भिजवून पसरली. मधल्या चार दिवसांचं मी नानांना कधीच सांगितलं नाही.

त्या ठोकळ्यांतून शाळेची खोली उभी राहिली, आणि श्रावणात तिची भिंत खचली. सुटी होती, म्हणून पोरं वाचली. पारावर गंगारामने विचारलं, "चांदावरची कधी बांधता मंग?" सगळे हसले, नानाही हसले. त्या आठवड्यात त्यांनी साचा लोहाराला देऊन टाकला. दिवाळीत जेवताना मला म्हणाले, "मातीतच खोट होती, वहिनी. मले उमजली नाई." मी त्यांना आणखी एक भाकरी वाढली...

तेराव्याला जऊळक्याला गेले. पाय धुवायला न्हाणीत शिरले, तर बसायला दगडाऐवजी नानांचा ठोकळा. अगदी पहिला, घरीच करून पाहिलेला. त्यांची बायको सुमती म्हणाली, दोन वर्षं रोज ते त्याच्यावरच बसून अंघोळ करत. मी नखाने कड खरवडली. एक कण सुटला नाही.

तिथेच, ओल्या पायांनी, मी सुमतीला पोत्यांचं सगळं सांगितलं. हातातला पंचा तसाच धरून तिने ऐकून घेतलं.

"हे त्यायले सांगाचं होतं, जाऊबाई," ती म्हणाली.