शेवटच्या ओळीतलं नाव

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. त्या शब्दानं वकिलाच्या खोलीत घोटाळा झाला आणि घरी आल्यावर माझा हात मोडला.

भाकरी थापताना मला गाणी सुचतात. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर ती पोरीच्या जुन्या वहीत लिहून ठेवते. शेवटच्या ओळीत माझं नाव घालते, तीन अक्षरी. मालकांची गायनपार्टी आहे. जयंतीला ते माझीच गाणी गातात, पण शेवटी स्वतःचं नाव घालतात. त्यांचं नाव चार अक्षरी. तिथं चाल अडखळते आणि ढोलकीवाला एक थाप जास्त मारतो. मी कधी बोलले नाही.

मागच्या जयंतीनंतर दुसऱ्या पार्टीच्या एका गायकानं माझं एक गाणं त्याच्या नावानं मोबाईलवर टाकलं. मालकांनी त्याला मंठाळच्या बसथांब्यावर गाठून पेटीच्या झाकणानं मारलं. त्याचे दोन दात पडले. घरी येऊन चोराला कसं बडवलं ते सासूबाईंना हसत सांगत होते आणि मी त्यांच्या सदऱ्यावरचं रक्त धूत होते.

त्यानं पोलिसांत तक्रार दिली. बसवकल्याणचे वकील म्हणाले, मारहाणीचं वेगळं, पण गाणं तुमचं असेल तर मूळ लिखाण आणा. म्हणून मालक मला वहीसकट घेऊन गेले.

वकिलांनी वही चाळून विचारलं, "अक्का, ह्या गाण्याचे मालक कोण?"

मी सवयीनं यांच्याकडं पाहिलं. "हे काय, बसलेत की."

वकील हसले. "नवरा न्हाई विचारलो. लिहिलं कुणी?"

"मी."

मग त्यांनी समजावलं. जो लिहितो, हक्क त्याचा. लिहिल्या घडीला तो लागतो, कुठं नोंद केली नसली तरी. लग्न झालं म्हणून तो नवऱ्याकडं जात नाही आणि तोंडी देऊनही जात नाही. द्यायचाच तर कागदावर लिहून सही लागते.

मालकांनी तिथंच तसा कागद करून घेतला. मी म्हणाले, सही घरी जाऊन करते.

घरी त्यांनी कागद पुढं टाकला.

"तुम्हीच गा," मी म्हणाले. "नाव तेवढं माझं राहू द्या."

"नाव पाहिजे व्हय तुला? वकिलापुढं मला चोर करायलीस?"

केस धरून त्यांनी माझं डोकं भिंतीवर आपटलं. मग पेन माझ्या मुठीत कोंबलं. मी ते सोडलं. तेव्हा मी खाली पडलेली असताना त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर टाच दिली. हाड मोडल्याचा आवाज सासूबाईंनीही ऐकला. त्या म्हणाल्या, "आरं, त्याच हातानं सही करायची हाय की तिला."

तेव्हा कुठं त्यांनी पाय उचलला.

हुमनाबादच्या दवाखान्यात मी पायरीवरून पडले म्हणून सांगितलं. हाताला अंगठ्यापर्यंत प्लास्टर बसलं. मालक एकटेच वकिलाकडं गेले, डाव्या हाताचा अंगठा चालेल का विचारायला. वकिलांनी उलट विचारलं, सही येणाऱ्या बाईचा अंगठा कशाला, आणि उजव्या हाताला झालं काय? मालक तसेच परत आले.

प्लास्टर निघाल्यावर मी पहिल्यांदा त्या गाण्याची शेवटची ओळ लिहिली. अक्षरं वाकडी आली, पण तिन्ही आली. कागद अजून कपाटावर आहे, बिनसहीचा. मालक ते गाणं अजून गातात. शेवटची ओळ आली की गप्प होतात आणि नुसती ढोलकी वाजते.