चौकटीतल्या चार ओळी

मासिकाच्या कचेरीत तिला सगळे श्वासबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं. अंकाच्या शेवटच्या पानावर ‘हा महिना असा जगा’ नावाचं सदर असे आणि ते ती लिहायची. एक पुस्तक, एक प्रदर्शन, शरीरासाठी एक व्यायाम, खाण्यापिण्यातली एखादी चांगली सवय आणि अगदी खाली चौकटीत मनासाठी काहीतरी. त्या चौकटीत ती वाचकांना सारखी खोल श्वास घ्यायला लावी, म्हणून हे नाव. तिला स्वतःला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसे. डबा टेबलावरच उघडायचा, एका हाताने जेवायचं आणि दुसऱ्या हाताने ‘प्रत्येक घास सावकाश चावा’ असं टाइप करायचं. प्रदर्शनं तर ती पाहायलाही जात नसे. दालनाकडून आलेलं माहितीपत्रक समोर ठेवून ती उंटावरून शेळ्या हाकायची. कुणी टोमणा मारायच्या आत ती स्वतःच म्हणे, “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाणाला पगार आहे!”

त्यात मासिकाचं काम दोन महिने आधी चाले. घामाच्या धारा लागलेल्या असताना ती वाचकांना पांघरुणांना ऊन दाखवायला सांगे, आणि स्वतः शालीत गुरफटून पोहायचे फायदे लिही. ‘आजच्या क्षणात राहा’ हे वाक्य तिने कितीदा छापलं असेल कुणास ठाऊक. पण आज कुठला महिना चालू आहे, हे तिला दुकानातल्या पावतीवरून कळायचं. एकदा दिलेलं पान ती पुन्हा वाचत नसे. छापून येईपर्यंत तिच्या लेखी ते शिळं झालेलं असे.

ते पान मन लावून वाचणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता, आणि तो म्हणजे तिचा थोरला भाऊ. दादाने उभा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत घालवला होता. दर महिन्याला कुठल्या लिफ्टचं काय तपासायचं, तेल कुठे घालायचं, दोर कधी बघायचे, याचा तक्ता त्याला कंपनीकडून मिळे आणि तो त्याला देवाचा शब्द मानी. “तक्त्यात आहे ना? मग करायचं,” हे त्याचं एक वाक्य. दुसरं वाक्य असं, की मागचं राहिलेलं आधी, पुढचं नंतर. या दोन वाक्यांवर त्याची नोकरी निभावली, आणि त्याच्या हातच्या लिफ्टमध्ये कधी कुणी अडकलं नाही.

तो निवृत्त झाला आणि मागच्या वर्षी वहिनी गेली. मूलबाळ नव्हतं. बोलायला भिंती उरल्या. तेव्हा त्याने बहिणीचं पान हाच नवा तक्ता धरला. सांगितलेलं पुस्तक तो ग्रंथालयातून आणी, प्रदर्शनाला इस्त्रीचा शर्ट घालून जाई आणि मग फोन करी.

“बारके, ते डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, ते किती वेळ गं?”

“जमेल तितका वेळ, दादा. ठेवते हं, बाहेर माणूस बसलाय.”

बाहेर कुणी बसलेलं नसे. दादाकडे जायला हवं, असं तिला रोज वाटे. वहिनीला पोचवून आल्यापासून ती त्याच्या घरी नीट टेकलीसुद्धा नव्हती. या गोष्टीची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून जाणं आणखी लांबायचं.

एका सुट्टीच्या दिवशी दादाच तिच्या दारात उभा राहिला. शर्ट इस्त्रीचा होता. आत आला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, हसला आणि गप्प राहिला.

“चहा टाकू?”

त्याने मान हलवली. नको.

“बरं नाही का वाटत? डॉक्टरकडे गेला होतास?”

पुन्हा नकार. त्याने शेजारच्या खुर्चीवर हाताने दोनदा थापटलं. ती बसली, तेवढ्यात फोन वाजला म्हणून उठली. बोलून परत आली तरी हा तसाच. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते तिला कळेना. ती खनपटीलाच बसली. कुणी काही बोललं का? घरात काही झालं का? माझ्यावर रागावलायस का? शेवटी तिचा आवाज चढला.

“अरे, मूग गिळून काय बसलायस? तोंड उघडशील की नाही?”

दादा नुसता बघत होता. स्वयंपाकघराच्या दारातून नवरा खुणेने विचारत होता, झालंय काय? तिने खांदे उडवले, वाळलेल्या कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढला आणि घड्या घालत पुन्हा फोनवर बोलत बसली. बऱ्याच वेळाने दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तो उठला.

“येतो, बारके,” एवढंच म्हणाला आणि गेला.

“वय झालं की माणसं अशी वागतात,” नवरा म्हणाला. तिलाही ते पटलं. खरं सांगायचं तर तिला थोडं सुटल्यासारखंही झालं. दादाची भेट झाली होती, आता महिनाभर मनाला टोचणी नव्हती.

पुढे आठवड्याभरात कचेरीत पानं लावणारा माणूस हसत तिच्या टेबलाशी आला. “तुमच्या चौकटीबद्दल एका बाईंचा फोन होता. म्हणाल्या, सासूबाईंजवळ तासभर न बोलता बसले. लग्न झाल्यापासूनचा सगळ्यात सुखाचा तास!”

“कुठली चौकट?”

त्याने चालू अंक उघडून पुढे ठेवला. ‘ज्यांच्याजवळ बऱ्याच दिवसांत बसला नाहीत, अशा आपल्या माणसाकडे जा. तासभर त्यांच्याजवळ बसा. काही विचारू नका, काही सांगू नका. नुसते सोबत असा.’ दोन महिन्यांपूर्वी हे पान लावताना याच माणसाने पलीकडून ओरडून सांगितलं होतं, की चौकटीत चार ओळी कमी पडतायत. आणि तिने उभ्या उभ्या त्या लिहून दिल्या होत्या.

खुर्चीवर थापटणारा हात तिला आठवला. हिनेच लिहिलंय, तेव्हा हिला ठाऊक असणारच, असं धरून दादा आला होता. म्हणजे ठाऊक असूनही बहीण उठून गेली, असंच त्याला वाटलं असणार. फोनवर तिने त्याला काय सांगितलं असतं? माझंच लिहिलेलं मी विसरले, हे?

त्याच संध्याकाळी जायचं तिने ठरवलं, पण पुढच्या अंकाचं घोडं अडलं होतं. जाईपर्यंत महिना उलटला. दादाच्या इमारतीतली लिफ्ट आवाज न करता तिला वर घेऊन गेली. तिने बेल वाजवली.

“कोण?”

“मी रे, दादा.”

आतून आवाज आला, “बारके, आज नको. नवा अंक आलाय ना. एक दुपार कुणालाही न भेटता घालवायची आहे. आत्ताच बसलोय मी.”

“दादा, ते मीच लिहिलंय.”

“हो ना. म्हणून तर.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. अरे, ते सगळं मी जागा भरायला लिहिते, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग तो इतके महिने एका पायावर उभा राहिला, ते कशासाठी? वहिनीच्या मागे त्याने जे धरून ठेवलं होतं, तेवढंच काढून घेतल्यासारखं झालं असतं. तिने ते गिळलं. फोन बंद करून पिशवीत टाकला आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसली. सामान घेऊन वर जाणाऱ्या एका बाईने तिच्याकडे वळून पाहिलं. ती बसून राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, तेवढाच आवाज होता.

बऱ्याच वेळाने आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली.

“बारके, गेलीस का?”

“नाही.”

“काय करतेयस बाहेर?”

“मागच्या महिन्याचं राहिलंय माझं.”

“मग ते आधी,” दादा म्हणाला, आणि कडी निघाल्याचा आवाज आला. दार उघडून तो बाजूला झाला. “पण बोलायचं नाही हं.”

खिडकीपाशी दोन खुर्च्या होत्या. तिने मान डोलावली आणि वहिनीच्या खुर्चीत जाऊन बसली.